पहिलं मनात येईल ते

कुणाला धाकटी म्हणायचं तर आधी एखादी थोरली असावी लागते. पण चष्म्याच्या त्या दुकानात थोरली उरली नाही तरी धाकटी धाकटीच राहिली. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, जवळचं वाचायला तिला स्वतःलाच चष्मा लागला, तरी मालकांपासून नेहमीच्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला धाकटीच म्हणत. नवं गिऱ्हाईक ते ऐकून हसे. "हसा, हसा," धाकटी म्हणे. "हसताना गाल वर येतात, तेव्हाच कळतं फ्रेम बसली की नाही ते."

हे वाक्य तिचं नव्हतं. तिच्या तोंडची बहुतेक वाक्यं तिची नव्हती. पण हे ठाऊक असणारे दुकानात आता दोघेच होते: मालक, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मोडक्या दांड्यांना स्क्रू लावणारे मामा. त्यातले मालक विसरत चालले होते, आणि मामा ते बोलून दाखवत नसत.

दोघी बहिणी इथे बरोबरच कामाला लागल्या होत्या. थोरली पुढे, काउंटरवर. धाकटी मागे, काचा घासायच्या खोलीत. मधल्या भिंतीत ताटाएवढी खिडकी. थोरलीने तिकडून फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी सरकवायची, धाकटीने इकडून तयार चष्मा सरकवायचा. मागच्या खोलीत एक ओलं चाक फिरे, त्यावर पाण्याची बारीक धार पडे, आणि काचेची कड चाकाला टेकली की एकसारखा सुर्र आवाज निघे. त्या आवाजात धाकटीला किती बरं वाटे, हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्याचं खातं थोरलीकडे होतं. अनोळखी माणूस समोर आला की धाकटीची दातखीळ बसायची. "आईने दोघींत मिळून एकच जीभ आणली होती," थोरली गिऱ्हाइकांना सांगे, "पण मी आधी आले ना."

थोरलीचं बोलणं ऐकायला लोक चष्मा नीट असतानाही तो पुसून घ्यायला येत. तिचा एक ठरलेला विनोद होता. समोरच्याच्या नाकावर फ्रेम ठेवायची, दोन पावलं मागे सरायचं, मान कलती करायची. "ह्या फ्रेममध्ये तुम्ही दहा वर्षांनी..." आणि इथे ती थांबे. माणूस आरशात बघून सुखावायला लागला की मग हळूच, "...हुशार दिसता. तरुण करायचं काम आमच्याकडे नाही." जादू सगळी त्या थांबण्यात होती. तिचं हसूही तसंच. आधी श्वास आत ओढल्याचा बारीकसा आवाज, मग काहीच नाही, समोरच्याला वाटावं हिला ठसका लागला, आणि मग एकदम खळखळून.

एका वर्षी थोरलीचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याच्या दुकानातल्या माणसांचं डोकं दुखलं तर ती दुसरा कसला विचार करणार? नंबर बदलला असेल, असं थोरलीच म्हणाली. मालकांनी डोळे तपासले, धाकटीने नव्या काचा घासून दिल्या. महिनाभर बरं वाटल्यासारखं झालं. मग पुन्हा दुखायला लागलं, पुन्हा तपासणी, पुन्हा नव्या काचा. त्या काचा धाकटीने इतक्या मन लावून घासल्या होत्या की फ्रेममध्ये बसवताना टिचकीसुद्धा मारावी लागली नाही. थोरलीने तो चष्मा लावला आणि खिडकीतून डोकावून म्हणाली, आता कसं लख्ख दिसतंय. नंतर हॉस्पिटलात कळलं की दुखणं डोळ्यांत नव्हतं, डोळ्यांच्या मागे, पार आत होतं, आणि उशीर झालेला होता. कुणी कुणाला बोल लावला नाही. लावणार कुणाला?

मागे उरली चिमणी, चार वर्षांची. तिचे बाबा जहाजावर कामाला होते. ते आले, रडले, परत गेले. पुढे दूरच्या एका बंदरात त्यांनी दुसरा संसार थाटला. चिमणी मावशीची झाली.

पहिल्या दिवशी धाकटी तिला घेऊनच दुकानात आली, कारण ठेवणार कुणाकडे? पोरगी काउंटरखाली बसून होती. आई गेल्यापासून ती बोलत नव्हती. समोर ठेवलं तर दोन घास खाई, नाही ठेवलं तर मागत नसे. मालक बाहेर गेले होते. एक गृहस्थ आत आले आणि बाई कुठे गेल्या म्हणून विचारू लागले. मामांनी मान खाली घातली. मग धाकटी मागच्या खोलीतून ओल्या हातांनी पुढे आली, आणि तिला स्वतःलाही कळलं नाही कसं, पण तिने फ्रेम त्या गृहस्थांच्या नाकावर ठेवली, दोन पावलं मागे सरली, मान कलती केली.

"ह्या फ्रेममध्ये तुम्ही दहा वर्षांनी..."

थांबली ती विनोदासाठी नाही. पुढचा शब्द घशातून निघेना म्हणून थांबली. पण थांबली नेमकी तेवढीच. गृहस्थ हसले. आणि काउंटरच्या खालून, इतक्या दिवसांनी, एक बारीक हसू आलं. चिमणीने तिचा पदर ओढला.

"परत म्हण."

झालं. त्या दिवशी धाकटीने पुढची जागा घेतली ती कायमची. मागच्या खोलीत दुसरा माणूस आला, त्याच्यानंतर तिसरा. धाकटी थोरलीसारखी उभी राहायला शिकली, थोरलीसारखं खिडकीतून मागे ओरडायला, थोरलीसारखं फोनवर "बोला बोला" म्हणायला. कुणी काही विचारलं की आधी मनात येई, ताई काय म्हणाली असती? मग तेच ती म्हणे. पुढे पुढे विचारावंही लागेना, आपोआप तेच बाहेर पडे. घरीही तसंच, कारण घरी चिमणी होती. पोर हसून वाढत होती, दुसरं काय हवं? फक्त कधीकधी संध्याकाळी धाकटी न्हाणीघराचं दार लावून नळाची बारीक धार सोडी आणि बादलीशेजारी नुसती बसून राही. चिमणी बाहेरून ओरडे, मावशी, झोपलीस का आत? धाकटी आतून म्हणे, "झोपले नाही गं, वाहून गेले." चिमणी हसे. धाकटी नळ बंद करी.

अशी वर्षं गेली. चिमणी शिकली, तिला लांबच्या शहरात नोकरी लागली, जायचा दिवस ठरला. आणि त्याच सुमाराला मालकांनी दुकान विकलं. घेणारी कंपनी मोठी होती, गावोगाव तिची दुकानं होती. कंपनीने सांगितलं की यापुढे काचा दुकानात घासायच्या नाहीत, सगळ्या दुकानांचं घासकाम शहराबाहेरच्या एकाच मोठ्या कारखान्यात होणार. मागच्या खोलीतला माणूस नुकताच नोकरी सोडून गेला होता, तेव्हा आपल्या दुकानातून दुसऱ्या कुणाला तरी तिथे जावं लागेल. कुणाला, ते व्यक्तिमत्त्व चाचणीवरून ठरेल.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिथे म्हणे दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही, यंत्रांचा आवाज लागू नये म्हणून कानांवर टोप्या घालून बसतात. मामा म्हणाले, आपल्याला तिथे पाठवलं तर आपण आधी स्मशानातच चौकशी करू, तिथे निदान चार माणसं येतात-जातात.

धाकटी मात्र त्या दिवशी घरी जाताना एक थांबा आधीच उतरली आणि उरलेलं अंतर चालत गेली. दिवसभर कुणी बोलत नाही! पाणी, चाक, काच. इतकी वर्षं तिने जे मनातसुद्धा मागितलं नव्हतं, ते असं कुणीतरी दारात आणून ठेवलं होतं. चिमणीला आता तिची गरज नव्हती. दुकान आता मालकांचं नव्हतं. ती जाऊ शकत होती.

दुसऱ्या दिवशी मालकांना ती हळूच म्हणाली, माझं नाव सुचवाल का? मालकांना ती थट्टा वाटली. "तू आणि कारखान्यात? तुला तिथे दुपारपर्यंत गप्प राहणं झेपायचं नाही," ते म्हणाले. आणि तसंही त्यांच्या हातात काही नव्हतं. चाचणी सांगेल ते खरं.

चाचणी घ्यायला एक बाई आल्या. चाळिशीच्या, साध्या, दमलेल्या. दुकानावरच्या माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या मध्ये, टेबल मांडून त्यांनी एकेकाला कागद दिले. विधानं होती आणि प्रत्येकापुढे पाच गोल, 'अगदी पटतं'पासून 'मुळीच पटत नाही'पर्यंत. यात चूक-बरोबर काही नाही, बाई म्हणाल्या. फार विचार करू नका, खोडू नका. "पहिलं मनात येईल ते."

मामा पेन उलटसुलट करत होते. "मॅडम, इथे लिहिलंय, मी कधीच खोटं बोललो नाही. ह्याला पटतं म्हटलं तर तेच पहिलं खोटं ठरेल ना?"

"तेच बघायला ते विधान आहे," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

धाकटीने कागद ओढला. 'अनोळखी लोकांशी बोलायला मला मजा येते.' अगदी पटतं. 'चार माणसांत मी खुलतो किंवा खुलते.' अगदी पटतं. 'लोक माझ्याकडे मन मोकळं करतात.' अगदी पटतं. पेन भराभर चाललं. काउंटरवर गिऱ्हाइकाला काच दाखवत ही बरी की ही, असं विचारायची तिला सवय होती आणि लोक किती अडखळतात हेही तिला माहीत होतं. आपण अडखळत नाही म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं. पान उलटलं. 'एकटं राहायला मिळालं की माझा जीव शांत होतो.' पेन 'मुळीच पटत नाही'वर टेकलं, आणि टेकलेलंच राहिलं.

ताईला एकटं राहायला मुळीच आवडत नसे.

धाकटीने मागचं पान उलटून पाहिलं. सगळे काळे गोल थोरलीचे होते. पहिलं मनात येईल ते, असं सांगितलं होतं आणि पहिली मनात तीच आली होती, नेहमीसारखी. खोडायचं नव्हतं. धाकटीने घाम पुसला आणि तिथून पुढे ती स्वतः लिहायला लागली. हळू, जड हाताने, लहान मूल अक्षर गिरवतं तसं. बाकीचे खाली जाऊन चहा पिऊन आले तरी तिचं संपलं नव्हतं.

आठवड्याने बाईंनी तिला परत माळ्यावर बोलावलं. "बसा ना ताई."

धाकटीने नकळत मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं.

बाईंनी कागद पुढे केले. एकच गोष्ट आम्ही वेगवेगळ्या शब्दांत दोनदा विचारतो, त्या म्हणाल्या. तुमचा अर्धा कागद एक सांगतो, अर्धा नेमकं उलटं. असं तेव्हा होतं, जेव्हा माणूस न वाचता गोल भरत सुटतो, नाहीतर सोंग करत असतो. "तुम्ही न वाचता भरणाऱ्यातल्या वाटत नाही."

धाकटीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पहिला अर्धा माझ्या बहिणीचा आहे."

"त्या इथे काम करतात?"

"करायची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचं धाकटीने सगळं सांगितलं, खिडकी, डोकेदुखी, काउंटरखालचं हसू. थोरलीने रंगवून सांगितलं असतं. हिने सांगितलं ते सपाट, तुटक. बाईंनी मध्ये एकदाही मान डोलावली नाही, याचं तिला बरं वाटलं. शेवटी धाकटीने विचारलं, "मग मी कशी आहे, हे तुमच्या कागदातून कळत नाही?"

"कागदातून माणूस कसा आहे ते कळत नाही, ताई. तो स्वतःला काय समजतो तेवढंच कळतं." बाईंनी एक कोरा कागद काढला. सोमवारी परत भरा म्हणाल्या. यावेळी फक्त तुमचं.

रविवारी दुपारी चिमणी सामान बांधत होती. तिच्याही नव्या ऑफिसने तिची असलीच काहीतरी परीक्षा घेतली होती आणि फोनवर तसल्या गमतीच्या परीक्षा मिळतातही. ती फोन हातात घेऊन बॅगेवर बसली. चल मावशी, तुझी रंगीत तालीम घेऊ, म्हणाली.

"'मला माणसांची सोबत लागते.' ह्यात काय विचारायचं? पटतं."

"नाही," धाकटी म्हणाली.

"काय नाही?"

"मला नाही आवडत. माणसं. म्हणजे फार नाही. घरी येते तेव्हा कान दुखत असतात."

चिमणी हसली. मग मावशी हसत नाही हे पाहून थांबली. धाकटी कपड्यांची घडी घालत राहिली आणि घडीकडे बघतच बोलली, की ते सगळं तुझ्या आईचं. ते बोलणं, ती फ्रेमची गंमत, हसणंसुद्धा. तू पहिल्यांदा हसलीस ना, मग मी बंदच केलं नाही.

चिमणीने फोन खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यासमोर तू कधीच तू नव्हतीस," ती म्हणाली.

धाकटीला सांगायचं होतं की तुझी वेणी घालताना मीच होते, तापात तुझ्या कपाळावर हात ठेवून बसायचे तेव्हा मीच होते, त्या वेळी आपण दोघी बोलत नव्हतो, आठवतं का? पण असली वाक्यं थोरलीला जमत. हिच्या तोंडून एवढंच आलं, "तुला आई हवी होती."

"हो ना. मग ती कशी होती ते सांग आता. तू नाही, ती. ती हसायची कशी?"

धाकटीने आठवायचा प्रयत्न केला. आधी श्वास आत ओढल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग... पण कानात आला तो आवाज तिचा स्वतःचा होता. खिडकीतून डोकावणारा थोरलीचा चेहरा आठवला, ओठ हलताना दिसले, पण आवाज निघाला धाकटीचा. तिने डोळे मिटले. चाकावर काच घासताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची असते, कमी घासलं तर पुन्हा घासता येतं, जास्त घासलं गेलं तर ते परत येत नाही. नुसती पांढरी भुकटी पाण्याबरोबर मोरीत जाते.

"मला आठवत नाही गं," ती म्हणाली.

चिमणी उठून आत गेली. नळाचा आवाज आला, बराच वेळ.

सोमवारी धाकटीने कागद भरला. आता पहिलं मनात काहीच येत नव्हतं, प्रत्येक विधानापाशी ती थांबे, विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघावी तशी. पण उशिरा का होईना, आवाज येई. मंगळवारी चिमणी गेली. निघताना तिने मावशीला मिठी मारली, घट्ट, पण परक्या माणसाला मारावी तशी जपून. महिना उलटला आणि दुकानात कळलं, कारखान्यात धाकटी जाणार. चाचणी चुकली असं सगळ्यांचं एकमत झालं. एकटे मामा उठून तिच्याजवळ आले, तिच्या चष्म्याचा स्क्रू न सांगता घट्ट करून दिला, आणि जा म्हणाले.

कारखाना तिला हवा होता तसाच निघाला. लांबलचक खोली, ओळीने यंत्रं, पाणी, कानांवर टोप्या. काच आता हाताने चाकाला टेकवावी लागत नव्हती, ती आत ठेवून झाकण लावायचं. पण कान उघडा ठेवला तर आतून तोच सुर्र आवाज येई. कुणी तिच्याशी बोलत नसे, ती कुणाशी बोलत नसे, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. तिचा जीव शांत झाला. चाचणी अगदी बरोबर होती. इथे तिला धाकटी कुणी म्हणत नसे. छातीवरच्या पट्टीवर जे नाव होतं त्याच नावाने तिला हाक मारत, आणि ती हाक आपल्याला आहे हे कळायला तिला नेहमी थोडा वेळ लागे. आठवड्याच्या शेवटी एखाद्या वेळी तिच्या ध्यानात येई, की पाच दिवसांत एकदाही ताई मनात आली नाही. आता विचारायलाच कुणी नव्हतं, मग ती येणार कशाला?

चिमणीचा फोन रविवारी दुपारी येई. जेवलीस का, बरी आहेस का, तिकडे हवा कशी आहे. एवढं झालं की दोघींकडे काही उरत नसे. पूर्वी अशा वेळी धाकटी काहीतरी बोलून पोरीला हसवी. आता ते करणं म्हणजे सोंग होतं, आणि ते सोंग आहे हे दोघींना माहीत होतं. मग फोनवर नुसता एकमेकींचा श्वास ऐकू येई.

अशाच एका रविवारी चिमणी मध्येच म्हणाली, "मावशी, ते म्हण ना. दहा वर्षांचं."

"कशाला आता?"

"म्हण. मला खूप दिवसांत हसू आलं नाही."

धाकटी खुर्चीतून उठली. उगाचच दोन पावलं मागे सरली. "ह्या फ्रेममध्ये तुम्ही दहा वर्षांनी हुशार दिसता," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजात, लहान आणि सपाट. वाक्य बरोबर होतं. मधलं थांबणं राहून गेलं होतं. जिथे ते असायचं तिथे तिने शोधलं, तर तिथे काही नव्हतं.

"तसं नाही गं," चिमणी म्हणाली. तिने घसा साफ केला. फोनमध्ये क्षणभर खरखर झाली.

"ह्या फ्रेममध्ये तुम्ही दहा वर्षांनी..."

आणि थांबली. नेमकी तेवढीच.

लांबच्या त्या शहरातून, आधी श्वास आत ओढल्याचा बारीकसा आवाज आला, मग काहीच नाही, मग ते खळखळून हसू. ती थोरली होती, की इतकी वर्षं आपण पोरीला जे दिलं तेच परत येत होतं, धाकटीला कळेना. सांगू शकली असती ती एकटी ताईच. तिने फोन कानाशी घट्ट धरला, दुसरा कान तळव्याने झाकला.

"परत म्हण," ती म्हणाली.